१९७१ मार्शल थंडरिंग हर्ड फुटबॉल संघ

१९७१ मार्शल थंडरिंग हर्ड फुटबॉल संघ हा अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठाचे १९७१ सालच्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल हंगामात प्रतिनिधित्व करणारा संघ होता. १४ नोव्हेंबर १९७० रोजी झालेल्या विमान अपघातात विद्यापीठाच्या संघातील ३७ खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षकांसह प्रशिक्षक वर्गातील ८ जण मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर दहा महिन्यांनी, मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमधून उभारलेला हा संघ मैदानात उतरला. जॅक लेंग्येल हे त्याचे मुख्य प्रशिक्षक होते. संघाने दहा सामन्यांपैकी २ जिंकले आणि ८ गमावले. खेळाडूंच्या कोवळ्या वयामुळे हा संघ 'यंग थंडरिंग हर्ड' या नावाने ओळखला जातो.

आकडेवारीच्या दृष्टीने हा हंगाम अपयशी ठरतो. तरीही अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. २५ सप्टेंबर १९७१ रोजी झेवियर विद्यापीठाविरुद्ध अखेरच्या क्षणी मिळवलेला १५–१३ असा विजय या हंगामातील सर्वाधिक स्मरणात राहिलेला प्रसंग होय. २००६ साली प्रदर्शित झालेला 'वी आर मार्शल' हा चित्रपट याच घटनाक्रमावर आधारित आहे.

## पार्श्वभूमी

### अपघातापूर्वीचा संघ

'थंडरिंग हर्ड' याचा शब्दशः अर्थ 'गर्जत धावणारा कळप' असा होतो. विद्यापीठाचे बोधचिन्ह गवा (बायसन) असून हिरवा व पांढरा हे संघाचे रंग आहेत.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलच्या फुटबॉल संघाची स्थिती बिकट होती. संघाला सलग २७ सामन्यांत एकही विजय मिळाला नव्हता. त्यातच १९६९ साली खेळाडूंच्या भरतीसंबंधीचे नियम मोडल्याच्या कारणावरून मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने मार्शलला निलंबित केले आणि तत्कालीन प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. रिक टॉली यांनी मुख्य प्रशिक्षकपदाची सूत्रे स्वीकारली. ऑक्टोबर १९६९ मध्ये बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा पराभव करून त्यांच्या संघाने पराभवांची मालिका खंडित केली. १९७० साली हंटिंग्टनमधील फेअरफील्ड स्टेडियमचे नूतनीकरण झाले आणि तेथे कृत्रिम गवत बसवण्यात आले. संघ सावरत असल्याची भावना शहरात निर्माण होत होती.

### १४ नोव्हेंबर १९७०ची दुर्घटना

१४ नोव्हेंबर १९७० रोजी, शनिवारी, मार्शलचा संघ नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध खेळला. हा सामना त्याने १४–१७ असा गमावला. परतीच्या प्रवासासाठी सदर्न एअरवेजचे डीसी-९ जातीचे विमान भाड्याने घेण्यात आले होते. संघाचे परगावचे सामने बहुधा रस्त्याने जाण्याजोग्या अंतरावर होत असत, त्यामुळे विमानप्रवास ही नित्याची बाब नव्हती.

किन्स्टनहून निघालेले हे विमान (उड्डाण क्रमांक ९३२) सायंकाळी साडेसातच्या सुमारास, पाऊस आणि धुके असताना, हंटिंग्टनच्या ट्राय-स्टेट विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात धावपट्टीच्या सुमारे एक मैल अलीकडे टेकडीवर कोसळले. विमानातील सर्व ७५ जण ठार झाले. त्यांत ३७ खेळाडू, प्रशिक्षक वर्गातील ८ जण, संघाचे २५ पाठीराखे आणि विमानसेवेशी संबंधित ५ जण होते. पाठीराख्यांमध्ये शहरातील अनेक प्रतिष्ठित नागरिक होते. या अपघातामुळे ७० मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांपैकी १८ मुले दोन्ही पालकांना मुकली.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असा निष्कर्ष काढण्यात आला की, धावपट्टीचा परिसर दृष्टिपथात नसतानाही विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली उतरले. असे का घडले हे मंडळाला निश्चित करता आले नाही. उपकरणांवरील माहितीचा अयोग्य वापर किंवा उंचीमापक यंत्रणेतील दोष अशा दोन शक्यता अहवालात नोंदवलेल्या आहेत. अमेरिकेच्या इतिहासात कोणत्याही क्रीडासंघावर ओढवलेली ही सर्वांत मोठी हवाई दुर्घटना मानली जाते.

सहा खेळाडूंच्या पार्थिवांची ओळख पटू शकली नाही. त्यांना हंटिंग्टनमधील स्प्रिंग हिल स्मशानभूमीत एकत्र दफन करण्यात आले. त्या हंगामातील ओहायो विद्यापीठाविरुद्धचा उर्वरित सामना रद्द झाला.

## संघाची पुनर्उभारणी

### फुटबॉल सुरू ठेवण्याचा निर्णय

दुर्घटनेनंतर विद्यापीठाचा फुटबॉल कार्यक्रम बंद करावा काय, हा प्रश्न उभा राहिला. विद्यापीठाचे प्रभारी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांच्यावर या निर्णयाची जबाबदारी होती. क्रीडा संचालक चार्ल्स कॉट्झ हेही अपघातात दगावले होते. त्यामुळे निर्णय घेणारी आणि तो अमलात आणणारी यंत्रणाच मोडून पडली होती. अखेर कार्यक्रम चालू ठेवण्याचे ठरले आणि जो मॅकमलेन यांच्याकडे क्रीडा संचालकपद सोपवण्यात आले.

मुख्य प्रशिक्षकपदासाठी प्रथम जॉर्जिया टेकचे डिक बेस्टविक यांची निवड झाली, परंतु अल्पावधीतच त्यांनी माघार घेतली. त्यानंतर मार्च १९७१ मध्ये ओहायोतील वुस्टर महाविद्यालयाचे प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांची नियुक्ती झाली. वुस्टर हे लहान महाविद्यालय होते आणि मोठ्या विद्यापीठांच्या स्तरावर मुख्य प्रशिक्षक म्हणून काम करण्याची लेंग्येल यांची ही पहिलीच वेळ होती.

टॉली यांच्या सहायकांपैकी विल्यम 'रेड' डॉसन हे खेळाडूंच्या भरतीच्या कामासाठी मोटारीने प्रवास करत असल्यामुळे विमानात नव्हते. अपघातात मरण पावलेल्या खेळाडूंपैकी अनेकांची भरती त्यांनीच केली होती. तरीही नव्या प्रशिक्षकांना साहाय्य करण्यासाठी ते १९७१चा हंगाम संपेपर्यंत थांबले. त्यानंतर त्यांनी प्रशिक्षणाचे क्षेत्र सोडले आणि बांधकाम व्यवसाय पत्करला.

### खेळाडूंचा प्रश्न आणि प्रथम वर्षाचा नियम

त्या काळी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य फुटबॉल संघातून खेळता येत नसे. त्यांचा स्वतंत्र संघ असे आणि त्याचे सामनेही वेगळे होत. या नियमाचा मार्शलच्या बाबतीत दुहेरी परिणाम झाला. १९७० साली पहिल्या वर्षात असलेले खेळाडू मुख्य संघासोबत ग्रीनव्हिलला गेले नव्हते, म्हणूनच ते वाचले आणि १९७१ मध्ये दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून नव्या संघाचा कणा बनले. मात्र तेवढ्या खेळाडूंनिशी पूर्ण संघ उभा राहणे शक्य नव्हते.

म्हणून विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्यांनाही मुख्य संघात खेळू देण्याची विशेष परवानगी मागितली आणि एनसीएएने ती दिली. या सवलतीला नजीकचे उदाहरण होते. २ ऑक्टोबर १९७० रोजी, म्हणजे मार्शलच्या अपघाताच्या सहा आठवडे आधी, विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला नेणाऱ्या दोन विमानांपैकी एक कोलोराडोमध्ये कोसळून ३१ जण ठार झाले होते. त्या विद्यापीठालाही उर्वरित हंगामासाठी अशीच मुभा देण्यात आली होती. पुढे १९७२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य फुटबॉल संघातून खेळण्याची परवानगी सर्वच विद्यापीठांसाठी लागू झाली.

संघातील उरलेल्या जागा भरण्यासाठी विद्यापीठातील इतर खेळांच्या संघांतूनही विद्यार्थी घेण्यात आले. शिष्यवृत्ती नसलेले आणि स्वतःहून पुढे आलेले विद्यार्थीही संघात दाखल झाले. फील्ड गोल मारण्याची जबाबदारी ब्लेक स्मिथ या सॉकरपटूकडे आली.

१९७०च्या मुख्य संघातील मोजकेच खेळाडू उरले होते. बचावफळीत खेळणारा नेट रफिन हा त्यांपैकी एक होय. दुखापतीमुळे तो ग्रीनव्हिलच्या सामन्याला गेला नव्हता. १९७१ मध्ये अखेरच्या वर्षात असलेल्या रफिनकडे संघाच्या नेतृत्वाची धुरा आली.

### खेळपद्धतीतील बदल

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे 'डाउन्स'मध्ये, किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. त्यासाठी समोरच्या बचावफळीला थोपवून धरणारे वजनदार व अनुभवी आक्रमक खेळाडू आवश्यक असतात. लेंग्येल यांच्याकडे नेमके तेच नव्हते. त्यामुळे ताकदीवर आधारलेली पारंपरिक रचना या संघाच्या आवाक्याबाहेरची होती.

यावर तोडगा म्हणून त्यांनी 'व्हीअर' ही आक्रमणपद्धती स्वीकारली. ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल योमन यांनी ही पद्धती विकसित केली होती. तीत चेंडू सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, स्वतः घेऊन धावायचे की बाजूला फेकायचा, हे क्वार्टरबॅक चाल सुरू झाल्यानंतर बचावपटूच्या हालचालीवरून ठरवतो. परिणामी प्रत्येक बचावपटूला बळाने अडवण्याची गरज उरत नाही. काहींना निर्णयाच्या पेचात पकडूनच निष्प्रभ करता येते. दुबळी आक्रमक फळी असलेल्या संघाला ती म्हणूनच सोयीची ठरते.

ही पद्धती शिकण्यासाठी लेंग्येल आणि त्यांचे सहायक शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. तेथील मुख्य प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांनी आपल्या संघाच्या चालींची पुस्तिका आणि सामन्यांच्या चित्रफिती त्यांना अभ्यासासाठी खुल्या करून दिल्या. सहसा प्रशिक्षक ही सामग्री गोपनीय ठेवतात. बाउडेन यांच्या खेळाडूंनी याआधी मार्शलच्या मृत खेळाडूंच्या स्मरणार्थ आपल्या शिरस्त्राणांवर हिरवे क्रूस आणि 'एमयू' ही आद्याक्षरे लावली होती. पुढील काळात लेंग्येल यांनी बाउडेन यांच्या साहाय्याचे श्रेय जाहीरपणे मान्य केले.

## हंगाम

निलंबनामुळे मार्शल या हंगामात कोणत्याही कॉन्फरन्सचा सदस्य नव्हता आणि स्वतंत्र संघ म्हणून खेळला. त्याचे प्रतिस्पर्धी पुढीलप्रमाणे होते:

- मोरहेड स्टेट
- झेवियर
- मायामी (ओहायो)
- नॉर्दर्न इलिनॉय
- डेटन
- वेस्टर्न मिशिगन
- बोलिंग ग्रीन
- केंट स्टेट
- टोलेडो
- ओहायो

हंगामाच्या निमित्ताने राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी प्रशिक्षक लेंग्येल यांना पत्र पाठवले. संघ मैदानात उतरवणे हाच सर्वांत मोठा विजय असल्याचा आशय त्यात होता.

### मोरहेड स्टेटविरुद्ध सलामी

१८ सप्टेंबर १९७१ रोजी केंटकीतील मोरहेड येथे संघाने पहिला सामना खेळला. दुर्घटनेनंतर मार्शलचा फुटबॉल संघ मैदानात उतरण्याची ही पहिलीच वेळ होती. मोरहेड स्टेटने हा सामना २९–६ असा जिंकला.

### झेवियरविरुद्धचा विजय

२५ सप्टेंबर १९७१ रोजी फेअरफील्ड स्टेडियमवर हंगामातील पहिला घरचा सामना झाला. ओहायोतील सिनसिनाटीचा झेवियर विद्यापीठाचा संघ प्रतिस्पर्धी होता. अनुभवात तो मार्शलपेक्षा सरस होता आणि तोच जिंकेल अशी अपेक्षा होती.

ब्लेक स्मिथच्या फील्ड गोलमुळे मार्शलला सुरुवातीची आघाडी मिळाली. उत्तरार्धात आघाडी एका संघाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि अखेरच्या मिनिटांत मार्शल ९–१३ असा मागे होता. फील्ड गोलचे तीन गुण आता पुरेसे नव्हते. विजयासाठी सहा गुणांचा टचडाउनच आवश्यक होता.

दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना मार्शलने अखेरचे आक्रमण सुरू केले. क्वार्टरबॅक रेगी ऑलिव्हर याने संघाला झेवियरच्या १३ यार्ड रेषेपर्यंत आणले. घड्याळातील शेवटच्या चालीत ऑलिव्हर चेंडू घेऊन एका बाजूस धावला आणि बचावफळी त्याच्यामागे ओढली गेल्यावर त्याने फुलबॅक टेरी गार्डनरकडे छोटा पास टाकला. गार्डनर सहकाऱ्यांच्या आडोशाने अंतिम रेषेपलीकडे पोहोचला तेव्हा वेळ संपलेली होती. मार्शलने सामना १५–१३ असा जिंकला.

दुर्घटनेनंतरचा हा पहिला विजय होता. प्रेक्षक मैदानात उतरले आणि सामना संपल्यानंतर बराच वेळ तेथेच थांबून राहिले. ऑलिव्हर आणि गार्डनर यांची ही चाल विद्यापीठाच्या क्रीडाइतिहासातील सर्वांत प्रसिद्ध चाल मानली जाते. १९७० साली ऑलिव्हर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. वर उल्लेखिलेल्या नियमामुळेच तो त्या विमानात नव्हता.

### पराभव आणि बोलिंग ग्रीनविरुद्धचा विजय

झेवियरविरुद्धच्या यशाने संघाच्या मूळ उणिवा झाकल्या गेल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात मायामी (ओहायो) संघाने मार्शलला ६६–६ असे पराभूत केले. १८-१९ वर्षांच्या खेळाडूंना त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या आणि शारीरिकदृष्ट्या परिपक्व खेळाडूंशी सामना करावा लागत होता. राखीव खेळाडूंची संख्याही अपुरी होती. त्यानंतरचे सामनेही संघाने गमावले.

३० ऑक्टोबर रोजी माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या, म्हणजे 'होमकमिंग'च्या दिवशी, मार्शलने बोलिंग ग्रीनला १२–१० असे नमवले. झेवियरविरुद्धच्या विजयाइतकी या सामन्याची चर्चा होत नाही, तथापि क्रीडादृष्ट्या तो अधिक उल्लेखनीय ठरतो. बोलिंग ग्रीन हा मार्शलला निलंबित करणाऱ्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधील बलवान संघ होता. झेवियरविरुद्धचा निकाल हा केवळ योगायोग नव्हता, हे या विजयाने दाखवून दिले.

### हंगामाची अखेर

अखेरचे तिन्ही सामने मार्शलने गमावले. १३ नोव्हेंबर रोजी, दुर्घटनेला एक वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, टोलेडोने त्यांचा ४३–० असा पराभव केला. टोलेडोचा संघ त्या काळी अजिंक्य होता. क्वार्टरबॅक चक ईली याच्या नेतृत्वाखाली १९६९ ते १९७१ या तीन हंगामांत त्याने सलग ३५ सामने जिंकले. मार्शलच्या हंगामाची सांगता ओहायो विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने झाली. आदल्या वर्षी रद्द झालेला सामना याच संघाविरुद्ध होणार होता.

## नंतरचा काळ

लेंग्येल १९७४च्या हंगामापर्यंत मार्शलचे मुख्य प्रशिक्षक होते. चार हंगामांत त्यांच्या संघाने ९ सामने जिंकले आणि ३३ गमावले. पुढे त्यांनी क्रीडा प्रशासनात काम केले आणि १९८८ ते २००१ या काळात ते अमेरिकन नौदल अकादमीचे क्रीडा संचालक होते.

संघ सावरण्यास दीर्घ काळ लागला. पराभवांपेक्षा विजय अधिक असलेला दुर्घटनेनंतरचा पहिला हंगाम १९८४ साली आला. त्यानंतर मात्र परिस्थिती झपाट्याने बदलली. १९९१ साली संघ नव्या स्टेडियममध्ये गेला. १९९२ आणि १९९६ साली मार्शलने एनसीएएच्या डिव्हिजन १-एए गटाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९९६चा संघ पंधराही सामन्यांत अपराजित राहिला. १९९७ साली विद्यापीठ मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये परतले. डिसेंबर २००१ मध्ये जीमॅक बोल सामन्यात मार्शलची गाठ ईस्ट कॅरोलायनाशी पडली. मध्यंतराला ८–३८ असा पिछाडीवर असलेला मार्शलचा संघ दोन जादा डावांनंतर ६४–६१ असा विजयी झाला.

## स्मृती

१२ नोव्हेंबर १९७२ रोजी विद्यापीठाच्या आवारात स्मारक कारंज्याचे लोकार्पण झाले. शिल्पकार हॅरी बर्टोइया यांनी ते घडवले आहे. दरवर्षी १४ नोव्हेंबरला होणाऱ्या स्मृतिसभेत हे कारंजे बंद केले जाते आणि वसंत ऋतूपर्यंत ते शांत राहते. स्प्रिंग हिल स्मशानभूमीतही मृतांचे स्मारक आहे. नेट रफिनचे २००१ साली निधन झाले. त्याला याच स्मारकाजवळ, आपल्या सहकाऱ्यांच्या शेजारी दफन करण्यात आले.

## लोकप्रिय माध्यमांत

२००० साली 'मार्शल युनिव्हर्सिटी: ॲशेस टू ग्लोरी' हा माहितीपट प्रसिद्ध झाला. डिसेंबर २००६ मध्ये मॅकजी या दिग्दर्शकाचा 'वी आर मार्शल' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मॅथ्यू मॅकॉनहे यांनी लेंग्येल यांची, मॅथ्यू फॉक्स यांनी डॉसन यांची, डेव्हिड स्ट्रॅदर्न यांनी डेडमन यांची आणि अँथनी मॅकी यांनी नेट रफिनची भूमिका केली आहे.

चित्रपटाची मुख्य कथा सत्य घटनांवर आधारलेली असली, तरी काही पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत. फुटबॉल कार्यक्रम वाचवण्यासाठी विद्यार्थी आणि नागरिक मोठ्या संख्येने जमून 'वी आर मार्शल' अशा घोषणा देतात, हा त्यातील गाजलेला प्रसंग प्रत्यक्षात घडलेला नव्हता. शोकाकुल वडील पॉल ग्रिफिन आणि खेळाडूची वाग्दत्त वधू ॲनी कँट्रेल ही पात्रेही कल्पित आहेत. झेवियरविरुद्धच्या सामन्याची अखेरची चाल मात्र चित्रपटात कथेचा उत्कर्षबिंदू म्हणून दाखवण्यात आली असून, सामन्याचा निकाल वास्तवाला धरून आहे.

## हेही पाहा

- मार्शल विद्यापीठ
- अमेरिकन फुटबॉल
- सदर्न एअरवेज उड्डाण ९३२
- १९७० विचिटा स्टेट विद्यापीठ संघ विमान अपघात
- वी आर मार्शल (चित्रपट)